विंचवाचे बिऱ्हाड

२०२५ साली हैदराबादचे नाव लावणारा व्यावसायिक फुटबॉल संघ दिल्लीला गेला. जाताना त्याने आमच्या शहराचे नावही उतरवून ठेवले. त्याबद्दल येथे फारसे कुणी हळहळल्याचे दिसले नाही. सायंकाळी बागेत जमणाऱ्या आम्हा निवृत्त मंडळींत विषय निघाला, तेव्हा एका स्नेह्यांनी तो दोन वाक्यांत निकालात काढला. "अहो, दुकान चालेना, मालकाने ते हलवले, यात दुःख कसले? अमेरिकेत तर हे रोजचेच आहे." बहुतेकांनी माना डोलावल्या. माझी मान डोलली नाही, पण त्या वेळी धड उत्तरही सुचले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे ते उशिरा सुचलेले उत्तर होय.

स्नेह्यांचे मत त्यांच्या एकट्याचे नाही. 'फ्रँचायझी' हा शब्द आपल्या क्रीडाक्षेत्रात रुळला, त्याच्या पाठोपाठ एक तत्त्वज्ञानही आले. संघ हा माल, गाव ही बाजारपेठ आणि प्रेक्षक हे गिऱ्हाईक. दुकान हलले म्हणून गिऱ्हाइकाने रडायचे नसते, दुसरे दुकान शोधायचे असते. या तत्त्वज्ञानाचा अखेरचा पुरावा म्हणून नेहमी अमेरिकेकडे बोट दाखवले जाते. म्हणून मीही साक्षीदार अमेरिकेतूनच आणतो. ओहायो राज्याची राजधानी कोलंबस, तेथील 'कोलंबस क्रू' हा फुटबॉल संघ आणि विशेषतः त्याची आरंभीची वर्षे, ही माझी साक्ष.

प्रथम थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याला अमेरिकेत सॉकर म्हणतात आणि तो खेळ तेथे दीर्घकाळ परकाच राहिला. त्याला श्रीमंती थाटाने रुजविण्याचा मोठा प्रयत्न 'न्यूयॉर्क कॉसमॉस' या संघाने केला. १९७१ मध्ये मैदानात उतरलेल्या या संघाने १९७५ मध्ये पेलेला आणले, पुढे बेकेनबाउअर आणि कार्लोस आल्बेर्तो यांनाही आणले. ऑगस्ट १९७७ मध्ये त्यांच्या एका सामन्याला ७७,६९१ प्रेक्षक होते. त्याच वर्षी सप्टेंबरात हा संघ कोलकात्यास आला आणि ईडन गार्डन्सवर मोहन बागानशी त्याने २-२ अशी बरोबरी केली. आमच्या पिढीला कॉसमॉस हे नाव ठाऊक आहे ते त्या सामन्यामुळे. पण पेले गेले, इतर तारे मावळले आणि १९८४ च्या हंगामानंतर ती सबंध स्पर्धाच बंद पडली. कॉसमॉसकडे कीर्ती होती, पैसा होता, जगातील सर्वोत्तम खेळाडू होते. स्वतःचे मैदान मात्र कधीच नव्हते. आज या मैदानावर, उद्या त्या, असे त्याचे बिऱ्हाड सदैव पाठीवर राहिले.

पेलेमुळे अमेरिकेतील असंख्य मुलांनी प्रथमच या चेंडूला पाय लावला, हे मी नाकारीत नाही. ते ऋण मोठे आहे. परंतु मुलांना खेळाची गोडी लागणे निराळे आणि संघ टिकणे निराळे. दुसऱ्या गोष्टीसाठी जे लागते, ते कॉसमॉसला विकत घेता आले नाही.

१९९४ ची विश्वचषक स्पर्धा अमेरिकेला देण्याचा निर्णय १९८८ मध्ये झाला. त्या वेळी तेथे पुन्हा पहिल्या दर्जाची व्यावसायिक स्पर्धा उभी राहील, असे आश्वासन जागतिक संघटनेला देण्यात आले होते. त्यानुसार 'मेजर लीग सॉकर' स्थापन झाली. तिने शहरांपुढे ठेवलेली अट मला मोठी मार्मिक वाटते. कोणते तारे आणणार, हे तिने विचारले नाही. तुमच्या गावातील किती लोक पूर्ण हंगामाच्या तिकिटासाठी आजच अनामत भरायला तयार आहेत, हे विचारले. संघाला नाव नव्हते, प्रशिक्षक नव्हता, एकही खेळाडू नव्हता. अशा निराकार संघासाठी कोलंबसच्या दहा हजारांहून अधिक तिकिटांची अनामत जमा झाली. न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, बोस्टन अशी बलाढ्य नगरे रांगेत असताना जून १९९४ मध्ये मान्यता मिळालेल्या पहिल्या शहरांत हे मधल्या प्रांतातील, एका विद्यापीठासाठी आणि सरकारी कचेऱ्यांसाठी ओळखले जाणारे गाव होते. त्या काळी तेथे अन्य कोणत्याही प्रमुख खेळाचा पहिल्या दर्जाचा व्यावसायिक संघ नव्हता. आपल्या गावाला आपले असे काही असावे, ही त्यामागची साधी भूक होती.

नावही त्या भुकेला शोभेसे होते. 'क्रू' म्हणजे काम करणाऱ्यांची टोळी, बांधकामावरची मंडळी. बोधचिन्हावर डोक्यावर शिरस्त्राण घातलेले तीन कामगार होते आणि अमेरिकेतील सर्वांत कष्टाळू संघ, अशी स्वतःची ओळख तो सांगत असे. बाहेरच्यांनी या चिन्हाची टवाळी पुष्कळ केली. सम्राट, योद्धे, वादळे, वणवे अशा नावांच्या गर्दीत हे कामगार अंमळ गावंढळच दिसत. पण ज्या गावाने अनामत भरून संघ उभा केला, त्या गावाने आपल्यासारखीच माणसे चिन्हावर काढावीत, यात गैर काय?

१३ एप्रिल १९९६ रोजी पहिला सामना झाला. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या प्रचंड मैदानावर पंचवीस हजारांवर लोक जमले आणि क्रूने वॉशिंग्टनच्या डी. सी. युनायटेडला ४-० असे हरवले. ब्रायन मॅकब्राइड या तरुणाने त्यांपैकी दोन गोल केले. पुढे मात्र दिवस फिरले. बावीस सामन्यांत सोळा पराभव झाले, प्रशिक्षक टिमो लिएकोस्की यांना जावे लागले. त्यांचे सहायक टॉम फिट्झजेराल्ड यांनी सूत्रे घेतली आणि उरलेल्या दहांपैकी नऊ सामने जिंकून दाखवले. १९९७, १९९८ आणि १९९९ अशी सलग तीन वर्षे अंतिम सामन्याच्या उंबरठ्यावर याच वॉशिंग्टनच्या संघाने त्यांना परत पाठवले. म्हणजे आरंभीच्या वर्षांत या संघाच्या कपाटात एकही चषक नव्हता. पहिला चषक आला तो २००२ मध्ये.

तोवर घर मात्र बांधून झाले होते, आणि माझ्या म्हणण्याचा गाभा येथे आहे. ओहायो स्टेट विद्यापीठाचे मैदान सुमारे नव्वद हजार प्रेक्षकांचे. पहिल्या हंगामात सामन्यागणिक सरासरी एकोणीस हजारांच्या आसपास लोक येत. ही संख्या त्या देशात तेव्हा उत्तमच होती, पण त्या अवाढव्य कढईत ती मूठभर लाह्यांसारखी दिसे. मैदान दुसऱ्या खेळासाठी आखलेले, त्यामुळे या खेळाला रुंदीला अपुरे. त्यात त्या मैदानाचे नूतनीकरण ठरले, म्हणजे भाडेकरूला जागा सोडणे भागच. ज्याने भाड्याच्या घरात संसार केला आहे, त्याला हे सांगायला नको. भाडेकरूला भिंतीत खिळा ठोकतानाही विचारावे लागते.

मे १९९७ मध्ये विक्रीकरात तात्पुरती अर्धा टक्का वाढ करून नवे मैदान आणि दुसऱ्या खेळासाठी बंदिस्त क्रीडागृह बांधावे, असा प्रस्ताव फ्रँकलिन परगण्याच्या मतदारांपुढे आला. त्यांनी तो फेटाळला. मग शेजारच्या डब्लिन या उपनगरात प्रयत्न झाला. १९९८ मध्ये तेथेही लोकांनी नकार दिला. माझ्या स्नेह्यांच्या तत्त्वज्ञानाप्रमाणे येथे गोष्ट संपायला हवी होती. बाजारपेठेने दोनदा नाही म्हटले. आता गाडा पुढच्या गावी. बहुतेक मालकांनी तेच केले असते.

लामार हंट या मालकाने ते केले नाही. हंट हे टेक्सासचे तेलसम्राटांच्या घराण्यातील गृहस्थ. १९६० च्या सुमारास त्यांनी अमेरिकन फुटबॉलची एक नवी स्पर्धा उभी केली होती आणि कॉसमॉसच्या काळात डॅलसचा सॉकर संघही अनेक वर्षे चालवला होता. ती स्पर्धा कोसळताना त्यांनी जवळून पाहिली होती. राज्याच्या वार्षिक कृषिप्रदर्शनाच्या आवारातील जागा त्यांनी भाडेपट्ट्याने घेतली आणि सुमारे दोन कोटी पंच्याऐंशी लाख डॉलर स्वतःचे घालून तेथे मैदान बांधले. १५ मे १९९९ रोजी ते उघडले. त्या दिवशी २४,७४१ प्रेक्षकांच्या साक्षीने क्रूने न्यू इंग्लंडच्या संघाला २-० असे हरवले. या स्पर्धेतील एखाद्या संघासाठी, केवळ सॉकर डोळ्यांसमोर ठेवून बांधलेले ते पहिले मोठे मैदान. दिसायला काही सुंदर नव्हते. लोखंडी सांगाडा आणि अॅल्युमिनियमची बाके. पण तारखा आपण ठरवायच्या, वाहनतळाचे आणि खाद्यपेयांचे उत्पन्न आपल्याच घरात यायचे, आणि वीस हजार माणसे आली की मैदान भरलेले दिसायचे. पुढे या स्पर्धेतील एकामागून एक संघांनी तोच कित्ता गिरवला.

हंट यांना मी संत ठरवीत नाही. ते व्यापारी होते आणि आपल्या मैदानामुळे तोटा आटोक्यात येईल, असा त्यांचा हिशेबच होता. मात्र त्यांचा व्यापार आणि माझ्या स्नेह्यांचा व्यापार यांत एक फरक आहे. एक शेतकरी असतो आणि एक फिरस्ता व्यापारी असतो. दोघेही पैशासाठीच राबतात; पण पहिल्याला पाऊस पडला नाही म्हणून शेत पाठीवर टाकून दुसऱ्या तालुक्यात नेता येत नाही. तो विहीर खणतो. २००२ च्या आरंभी टँपा आणि मायामी येथील दोन संघ बंद करण्यात आले, स्पर्धाच बुडते की काय अशी अवस्था आली, तेव्हा ज्या थोड्या मालकांनी ती तगवली त्यांत हंट होते. कोलंबसचा संघ त्या झडतीतून वाचला, कारण त्याचे पाय मातीत होते.

आता स्नेह्यांचा मुख्य आक्षेप घेऊ. अमेरिकेत संघ हलतात, हे खरेच आहे. आणि कोलंबसचाही हलणार होता. हंट २००६ मध्ये निवर्तले. २०१३ मध्ये त्यांच्या कुटुंबीयांनी संघ अँथनी प्रीकोर्ट यांच्या गुंतवणूकदार कंपनीला विकला. ऑक्टोबर २०१७ मध्ये प्रीकोर्ट यांनी जाहीर केले की, गावात नवे मैदान मिळाले नाही तर संघ टेक्सासमधील ऑस्टिनला जाईल. त्यानंतर उघड झालेली एक गोष्ट वाचून मी खुर्चीतल्या खुर्चीत सरसावून बसलो. खरेदीच्या वेळी संघ दहा वर्षे कोलंबसमध्येच ठेवण्याची अट घातली होती. पण तिला एक अपवाद जोडलेला होता, आणि तो नेमका ऑस्टिनचा होता! महसूल खात्यात माझी सारी हयात भाडेपट्ट्यांच्या फायली वाचण्यात गेली. गावाचा घात नेहमी अटीत नसतो, तो 'परंतु' या शब्दानंतर असतो, हे मी तेथे शिकलो.

२०१८ च्या उन्हाळ्यात कन्येकडे माझा ओहायोत मुक्काम होता. केशकर्तनालये, उपाहारगृहे, घरांपुढच्या हिरवळी, सर्वत्र 'क्रू वाचवा' असे पिवळे-काळे फलक होते. लोक मोर्चे काढीत होते, व्यापाऱ्यांकडून पाठिंबा मिळवीत होते, शहराबाहेरच्या संघांचे चाहतेही त्यांच्या बाजूने उभे राहत होते. ज्यांच्या आईबापांनी १९९४ मध्ये अनामत भरली, ती मुले आता तिशीत होती. हे प्रेम बघून मन भरून आले. परंतु खरे सांगायचे तर नुसत्या प्रेमाने काही साधेल असे मला तेव्हा वाटले नव्हते. भावना कागदावर आल्याखेरीज कचेरीत तिला कुणी विचारीत नाही.

सुदैवाने कागद होता. १९९५ मध्ये क्लीव्हलंडचा अमेरिकन फुटबॉल संघ बाल्टिमोरला नेण्याचा निर्णय त्याचे मालक आर्ट मॉडेल यांनी घेतला, तेव्हा ओहायोत हलकल्लोळ झाला. त्यातून १९९६ मध्ये राज्याने एक कायदा केला. तो मालकाच्याच आडनावाने 'मॉडेल कायदा' म्हणून ओळखला जातो. सार्वजनिक पैशाचा आधार असलेल्या जागी खेळणारा संघ हलवायचा असेल, तर मालकाने सहा महिन्यांची सूचना द्यावी आणि स्थानिकांना तो विकत घेण्याची संधी द्यावी, असे हा कायदा सांगतो. मार्च २०१८ मध्ये ओहायो राज्य आणि कोलंबस शहर यांनी याच कायद्याखाली दावा दाखल केला. हंट यांनी मैदान खासगी पैशाने बांधले, हे खरे. पण ते उभे होते राज्याच्या जमिनीवर, सवलतीच्या भाडेपट्ट्यावर. म्हणजे १९९८ मध्ये नाइलाजाने निवडलेली ती प्रदर्शनाची जागा वीस वर्षांनी गावाच्या हातातली दोरी ठरली.

खटला शेवटच्या निकालापर्यंत जाण्याची वेळ आलीच नाही. त्याने अवधी मिळवून दिला आणि त्या अवधीत खरेदीदार पुढे आले. ऑक्टोबर २०१८ मध्ये क्लीव्हलंडच्या संघाचे मालक असलेले हॅस्लम कुटुंब आणि क्रूचे दीर्घकाळचे संघवैद्य पीट एडवर्ड्स यांचे कुटुंब, अशी नावे जाहीर झाली. जानेवारी २०१९ मध्ये व्यवहार पुरा झाला. डिसेंबर २०२० मध्ये त्याच लोखंडी मैदानावर सिअॅटलला ३-० असे हरवून क्रूने विजेतेपद मिळवले. २०२१ मध्ये संघ शहराच्या मध्यवर्ती भागातील नव्या मैदानात गेला आणि २०२३ मध्ये पुन्हा विजेता झाला.

कुणी म्हणेल, शेवटी वाचवले ते कोट्यधीशांनीच. आणि प्रीकोर्ट यांनाही ऑस्टिनला नवा संघ मिळालाच. दोन्ही गोष्टी मान्य. परंतु मालकाने 'आम्ही जातो' म्हटल्यावर गावाला 'थांबा' म्हणण्याचा अधिकार होता की नव्हता, हा माझा मुद्दा आहे. कोलंबसला तो होता. तो आरंभीच्या वर्षांतच मिळवलेला होता, अनामत भरून, मैदान बांधून आणि कायदा करून. ज्या वर्षी पहिला सामना झाला, त्याच वर्षी तो कायदा झाला, हा योगायोग मला विसरता येत नाही.

आता आपल्या अंगणात येऊ. २०१४ मध्ये आपली 'इंडियन सुपर लीग' सुरू झाली, तेव्हा कोलंबसकडे कुणी पाहिले नाही, सर्वांनी कॉसमॉसकडे पाहिले. पुण्यात त्रेझेगे आले, गोव्यात पिरेस आले. उतारवयातील थोर खेळाडू, चार महिन्यांचे पाहुणे. २०१९ मध्ये पुण्याचा संघ बंद पडला आणि त्याची स्पर्धेतील जागा हैदराबादला मिळाली. पुणेकरांच्या नशिबी जे आले, ते आम्हांस लाभ म्हणून मिळाले, आणि आम्ही हसत स्वीकारले. २०२१-२२ चा हंगाम महासाथीमुळे सबंध गोव्यातच खेळवला गेला. मार्च २०२२ मध्ये मडगावच्या फातोर्डा मैदानावर केरळच्या संघाला पेनल्टीवर नमवून आमचा संघ विजेता झाला. हैदराबादचे सर्वांत मोठे यश हैदराबादने आपल्या मैदानावर पाहिलेच नाही. आणि २०२५ मध्ये संघ दिल्लीला गेला. पुण्याला जे झाले तेच आम्हांला झाले. तक्रार कोणत्या तोंडाने करायची?

हैदराबादेत फुटबॉल रुजतच नाही, असे म्हणण्याची तर सोयच नाही. हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला होता. त्या संघाचे गुरू सय्यद अब्दुल रहीम यांनी १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताला चौथ्या स्थानावर नेले आणि १९६२ मध्ये जकार्त्याला आशियाई सुवर्णपदक मिळवून दिले. तो संघ कुणी लिलावात घेतलेला नव्हता. त्यातली मुले याच शहराच्या गल्ल्यांतली होती. जमीन कसदार होती. आम्ही तीत पीक न घेता वर कुंड्या आणून मांडल्या आणि कुंड्या उचलून नेल्या म्हणून आता जमिनीलाच नापीक म्हणतो आहोत.

म्हणून माझे मागणे नेमके आहे. भारतातील कोणत्याही शहराचे नाव लावणाऱ्या संघाच्या करारात तीन कलमे असलीच पाहिजेत. शहर सोडायचे तर किमान एका हंगामाची जाहीर सूचना. त्या मुदतीत स्थानिक संस्थांना आणि नागरिकांना संघ घेण्याचा पहिला हक्क. आणि सार्वजनिक मैदान सवलतीत वापरले असेल, तर त्या सवलतीचा चोख हिशेब. आपली बहुतेक मोठी मैदाने शासनाचीच आहेत. म्हणजे दोरी आपल्याही हातात आहे. ती कधी कुणी ओढून पाहिली नाही इतकेच. हे काम चाहत्यांच्या घोषणांनी होणार नाही. त्यासाठी राज्यांच्या क्रीडा खात्यांत कुणीतरी टिपण लिहिले पाहिजे आणि ते वर सरकवत राहिले पाहिजे. असली टिपणे मी आयुष्यभर लिहिली. त्यांपैकी कित्येक धूळ खात पडली हे खरे, पण ज्या विषयावर टिपणच नव्हते, त्याचा निर्णय लागलेला मला एकदाही आठवत नाही.

आपण परप्रांतात स्थिरावलेली माणसे. पूर्वजांनी येथे बिऱ्हाड केले, पुढे घर बांधले, आणि घर बांधल्यावरच गाव आपले झाले. भाड्याचे बिऱ्हाड आणि बांधलेले घर यांतला भेद आपल्याइतका कुणाला कळणार? माझ्या स्नेह्यांना मी आता एवढेच सांगेन की, अमेरिकेत दुकाने हलतात हे खरे. पण त्याच अमेरिकेत एका मध्यम गावाने मालकाला सांगितले, हे दुकान नव्हे, आमचे घर आहे, आणि त्याचे कागद आमच्यापाशी आहेत. आमच्या शहरापाशी कागद नव्हते. बागेतल्या त्या सायंकाळी मला सलले ते हेच. संघ गेल्यापेक्षाही जास्त.